सतरा नंबरच्या बसचं आंदोलन

लोकशाही शेवटी सामान्य माणसाच्या एका सहीवर उभी असते, असं लेडी वेनिशिया ट्रंबल प्रत्येक भाषणात सांगत. वाक्य माझं. एकोणीस वर्षं मी त्यांचा सेक्रेटरी आहे. त्यांची तळमळ साधारण सोमवारी सकाळी मी टाइप करतो.

देवमासे आणि जुनी टपाल कार्यालयं वाचवून झाल्यावर त्या वर्षी आमच्या लोअर मॅडिंग गावाच्या बसची पाळी आली. शहराला जाणारी सतरा नंबरची बस कौन्सिल बंद करणार होतं. ही बातमी बाईसाहेबांना स्वयंपाकघरातून कळली. तिथल्या मिसेस पेल यांचे यजमान सिरिल शहरातल्या वृद्धाश्रमात होते. पेलबाई दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना भरवायला जात. त्या दोन दिवशी म्हातारा पोटभर जेवे, बाकीचे पाच दिवस परिचारिकांशी भांडे. पेलबाईंना गाडी चालवता येत नव्हती. मला येते, पण मंगळवारी-शुक्रवारी मी आणि गाडी, दोघंही बाईसाहेबांबरोबर लंडनला असतो.

"काळजी करू नका, पेलबाई. मी आहे ना!" बाईसाहेब म्हणाल्या. पेलबाईंची काळजी तिथून सुरू झाली.

पन्नास सह्यांचा अर्ज गेला, तर कौन्सिलला बस चालू ठेवण्यावर चर्चा करावीच लागते. सह्या मात्र याच भागातल्या मतदारांच्या हव्यात, असं अर्जाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी नाश्त्याच्या वेळी तसं सांगितलं.

"डेस्मंड, तू फार बारीक वाचतोस," बाईसाहेब टोस्टला लोणी लावत म्हणाल्या.

दुसऱ्यांदा सांगायची माझी सवय केव्हाच सुटली होती.

टीव्हीवाले आले, तेव्हा कॅमेरा चालू होण्याआधी बाईसाहेबांनी मला हळूच विचारलं, "बस कुठल्या रंगाची रे?"

"हिरवी, मॅडम."

मग पाच मिनिटं त्या आपल्या लाडक्या हिरव्या बसबद्दल गहिवरून बोलल्या.

जूनमधल्या एका शुक्रवारी लंडनला न जाता बाईसाहेबांनी बंगल्याच्या हिरवळीवर सह्यांसाठी चहापान ठेवलं. लंडनहून दोन माजी मंत्री, एक नटी आणि घोडे पाळणारी बरीच मंडळी आली. गावही होतंच. साठ जण, पांढरे एप्रन बांधून. कुणी कप विसळत होतं, कुणी गाड्या लावत होतं.

साडेतीनला पेलबाईंनी एप्रन सोडला.

"हे काय? अजून सँडविचं फिरायचीत!" बाईसाहेब म्हणाल्या.

"चार दहाची बस आहे, मॅडम. सिरिल वाट बघतो."

"एक दिवस नाही गेलात तर चालणार नाही का? अहो, त्याच्यासाठीच तर चाललंय हे सगळं!"

पेलबाईंनी एप्रन पुन्हा बांधला. चार दहाची बस गेली. एका माजी मंत्र्यांनी आणखी एक काकडीचं सँडविच घेतलं.

एकूण सह्या चारशे बारा. कौन्सिलचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं: ग्राह्य सह्या तीन. एक पाद्रीबाबांची, एक त्यांच्या बायकोची आणि एक गाड्या लावणाऱ्या टेडची. त्याला ती हजेरी वाटली होती. बाईसाहेबांची सहीही बाद झाली. त्यांचं मत लंडनला आहे.

मी स्वयंपाकघरात गेलो. "पेलबाई, तुम्ही का नाही केलीत सही?"

"मला कुणी म्हणालं का, डेस्मंडसाहेब? आणि दोन्ही हातांत ट्रे. पेन काय दातांत धरू?"

"बाकीच्यांनी?"

"पाहुण्यांच्या टेबलाशी कशाला जातील ते?" त्यांनी बटाटे सोलायला घेतले.

"जागृती तर झाली!" बाईसाहेब म्हणाल्या आणि मधमाश्यांकडे वळल्या.

बसच्या शेवटच्या शुक्रवारी बाईसाहेबांना सर्दी झाली, म्हणून मी मोकळा होतो; गाडी मात्र डॉक्टरांसाठी राखून ठेवली होती. पेलबाईंबरोबर थांब्यापर्यंत चालत गेलो. बाकावर बसलो, तेव्हा त्यांच्या मांडीवर सिरिलचा डबा होता. चार दहाची बस सतरा मिनिटं उशिरा आली.

ती निळी होती.