समुद्र पाहून आलेली कालव्याची चावी

मित्रांनो, चावी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कुलपात शिरणारी, बोटाएवढी पितळी चिमुरडी येत असेल. मी तसली नाही. मी हातभर लांब, दोन ठिकाणी काटकोनात वाकलेली जाड लोखंडी दांडी आहे. इंदापूर तालुक्यात जुन्या कालव्यातून आमची चारी फुटते आणि तिच्या तोंडावर एक लोखंडी दरवाजा आहे. माझं तोंड त्याच्या मळसूत्राच्या डोक्यावर बसवून फिरवलं, की दरवाजा वर उचलला जातो आणि पाणी शेतांकडे निघतं. एवढं मोठं काम करूनही मला नुसतं चावी म्हणतात. मी कधी तक्रार केली नाही. म्हणजे, फारशी केली नाही.

माझं वय विचाराल तर नक्की सांगता येणार नाही. माझ्या अंगावर चार आकडे ठोकलेले होते. त्यातले एक आणि नऊ अजून दिसतात, पुढचे दोन माणसांच्या तळव्यांनी पुसून टाकले. त्या मळसूत्राचं चौकोनी डोकंही झिजून एका बाजूला कललं आहे. आम्ही दोघं बरोबरच झिजलो, त्यामुळे आता त्याच्यावर माझंच तोंड बसतं. पाना लावा, ट्रॅक्टरची टॉमी लावा, सगळं सटकतं. हा माझा गर्व समजा हवं तर.

कालव्याचं पाणी ज्याच्या हाताने सुटतं त्याला पाटकरी म्हणतात. माझ्या आयुष्यात पाच पाटकरी आले. पाचवा गेणू कोकरे. सगळा गाव त्याला गेणूआबा म्हणतो, पण मी त्याच्याहून वयाने मोठी, म्हणून मी गेणूच म्हणते. त्याचे वडील मेंढरं घेऊन दरवर्षी घाट उतरून कोकणात जायचे आणि समुद्राच्या गोष्टी सांगायचे. गेणूने मेंढरं सोडली, नोकरी धरली आणि मला हातात घेतलं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. त्याचा पहिला घट्ट तळवा मला अजून आठवतो.

आमच्याकडे पाणी रोज येत नाही. पाच-सहा आठवड्यांनी पाळी येते आणि चारीच्या शेवटच्या टोकाला, टेलला, जेमतेम सहा तास मिळतात. चावी इकडेतिकडे पडली तर कुणीतरी भलत्या वेळी दरवाजा उघडायचा आणि टेलच्या लोकांच्या तोंडचं पाणी पळवायचा. म्हणून गेणूने मला कधी नजरेआड केलं नाही. मी त्याच्या उशाला झोपले. लग्नाकार्यात मी त्याच्या धोतराच्या कमरेला खोचलेली असायचे. एकदा मोरगावला कुणाच्या तरी साखरपुड्यात मी कमरेतून निसटून खणकन पडले, आणि नवऱ्याकडची माणसं घाबरून उठून उभी राहिली. भांडायलाच आला वाटतं, असं त्यांना वाटलं! गेणू मात्र मला पुसत शांतपणे जेवायला बसला.

गेणूची एकुलती लेक सुकन्या. लहानपणी ती दोन्ही हातांनी मला लोंबकळायची. तिचे पाय जमिनीवरून सुटायचे, पण मी काही फिरायचे नाही. मग गेणू मागून हात लावायचा आणि आपणच दरवाजा उघडला असं समजून ती टाळ्या पिटायची. ते दिवस चांगले होते. पण मित्रांनो, एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यात माझाही दोष आहे. शाळेच्या गॅदरिंगला सुकन्याला ढाल मिळाली, तेव्हा गेणू माझ्याबरोबर दरवाज्यावर होता. बारामतीला तिच्या डिप्लोम्याचा समारंभ झाला, तेव्हा तिच्या आईच्या, म्हाळसाच्या, शेजारची खुर्ची रिकामी राहिली. दर वेळी तो एवढंच म्हणायचा, "पाणी आलंय, पोरी." सुकन्या मान हलवायची. मी त्याच्या हातात असायचे आणि मला मनातून बरं वाटायचं. आज त्याची लाज वाटते.

पुढे सुकन्याला कोकणातल्या एका जुन्या बंदरात, गोदीच्या दरवाज्यांवर, नोकरी लागली. म्हाळसा वारली. गेणू निवृत्त झाला, पण त्याच्या जागी कुणी आलं नाही, तेव्हा दरवाजा तोच उघडत राहिला. सुकन्या दर सणाला फोन करायची, "आबा, एकदा माझं काम बघायला या." जायचं ठरलं की नेमकी पाळी यायची. अशी चार वर्षं गेली. मागच्या जानेवारीत तिचा फोन आला, तेव्हा आवाज वेगळा होता.

"आबा, रविवारी पहिल्यांदा माझ्या हुकमावर जहाज आत येणार हाय. या वेळी तुमी न्हाय आलात तर मी परत बोलावणार न्हाय. रागानं न्हाय म्हणत. दर वेळी वाट बघून दमले मी."

गेणूने बोटांवर दिवस मोजले. पाळीला अजून आठवडा होता. टेलला तानूबाईचं रान आहे. तिला त्याने सांगितलं, "चावी दाराजवळच्या कोनाड्यात ठेवून जातो. लागली तर घे." तानूबाई म्हणाली, "व्हय आबा, तुमी बिनघोर जावा." शनिवारी पहाटे गेणूने दाराला कडी घातली, पिशवी उचलली आणि सवयीने मलाही पिशवीत टाकलं. मला वाटलं, ओरडून सांगावं. पण लोखंडाला तोंड असून बोलता येत नाही. आणि खरं सांगू? मलाही समुद्र बघायचा होता.

संध्याकाळी सुकन्या आम्हाला स्टँडवरूनच, पिशवीसकट, गोदीवर घेऊन गेली. तिथे समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा वर चढतं आणि दोनदा खाली उतरतं. उतरलं की जहाजं चिखलात बसतील, म्हणून दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी गोदीच्या तोंडाशी दगडी हौदासारखी जागा बांधली आणि तिला दोन्हीकडून प्रचंड दरवाजे लावले. जहाज हौदात आलं की मागचा दरवाजा मिटायचा, आतलं पाणी गोदीच्या पाण्याइतकं होऊ द्यायचं, मग पुढचा उघडायचा. ते लोक त्याला लॉक म्हणतात. दीडशे वर्षं झाली, तरी ते दरवाजे रोज चालतात. त्यांच्यापुढे मी म्हणजे हत्तीपुढे शेळी. पण वंगणाचा वास अगदी आमच्या दरवाज्यासारखाच होता आणि तो नाकात जाताच गेणूच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"दिवसातनं दोनदा पाळी!" तो म्हणाला. "आन् कुणी भांडत न्हाय?"

"कुणाशी भांडणार आबा? पाणी परत येतंच की."

"आमच्याकडलं येकदा सोडलं म्हंजी गेलंच," गेणू म्हणाला आणि किती तरी वेळ त्या पाण्याकडे बघत राहिला. वडिलांच्या तोंडून ऐकलेला समुद्र तो सत्तराव्या वर्षी पाहत होता. मी पिशवीच्या फटीतून पाहिला. एवढं पाणी, आणि त्याला कुणी चावी लावत नाही!

रविवारी सकाळी साडेसातला गेणूचा फोन वाजला. तानूबाई होती.

"आबा, म्या तुमच्या दारात उभी हाय. पाणी लवकर सोडलंय, उद्या सकाळी सा ते बारा आपली पाळी. कोनाड्यात चावी न्हाय वो! हरभरा घाट्यावर आलाय. ह्ये पाणी चुकलं तर घाटे भरायचे न्हाईत."

गेणूने पिशवीत हात घातला. मी हाताला लागले. त्याचा तळवा गार पडला. टेलला अकरा घरं आहेत आणि सगळ्यांचा हरभरा आमच्या त्या सहा तासांवर उभा होता. बारामतीला थेट जाणारी एसटी सकाळी नऊला होती. ती चुकली, तर गाड्या बदलत, रात्री वाटेत अडकत पोचायला सोमवारची दुपार झाली असती. आणि सुकन्याचं जहाज भरतीला, साडेअकराला येणार होतं.

सुकन्याने दोरीवरचं धोतर काढलं, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं.

"चला आबा. स्टँडवर सोडते तुम्हाला."

"पोरी..."

"असू द्या. पाणी आलंय न्हवं?"

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिला या सगळ्याची सवय झाली होती, आणि ते ऐकवत नव्हतं.

स्टँडवर गाडी लागली होती. गेणू पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिला. आतून कंडक्टरबाई म्हणाल्या, "आबा, चढा ना, निघायचं हाय." गेणूने मागे पाहिलं. सुकन्या मनगटावरचं घड्याळ बघत होती, कारण तिला दहाला गोदीवर हजर व्हायचं होतं. गेणूने पाय खाली घेतला. मग मला पिशवीतून काढून कंडक्टरबाईंपुढे धरलं.

"बाई, एवढी बारामतीच्या डेपोत पोचवा. तानूबाई म्हणून येतील. ही पोचली पायजे. मी न्हाय पोचलो तरी चालतंय."

"हत्यार न्हाय ना काही?"

"न्हाय बाई. पाणी हाय त्यात अकरा घरांचं."

कंडक्टरबाईंनी मला धरलं, पण मी सुटेना. गेणूची बोटंच सुटत नव्हती. सेहेचाळीस वर्षांत त्याने मला दुसऱ्याच्या हातात दिलं नव्हतं. बाईंनी दोनदा ओढलं. तिसऱ्यांदा सुकन्याने त्याच्या हातावर हात ठेवला आणि बोटं हळूच सैल झाली. मित्रांनो, मळसूत्रावर लाखभर फेरे फिरले असेन मी, पण त्या क्षणी जशी कळ आली तशी कधी आली नाही.

ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनच्या झाकणावर पडून मी घाट चढले. साडेअकरा वाजले तेव्हा गाडी चहासाठी थांबली होती. जहाज आलं असेल का? दरवाजा नीट उघडला असेल का? मला सांगणार कोण? एवढ्या लांब जाऊन माझी ती एकच गोष्ट बघायची राहिली.

गेणूचा फोन गेला होता, त्यामुळे संध्याकाळी तानूबाई डेपोत उभीच होती. मला पदरात गुंडाळून तिने घरी नेलं. सोमवारी सहाच्या ठोक्याला तिने मला मळसूत्रावर बसवलं आणि जोर लावला. तिचा तळवा बारीक आणि खरखरीत, विळा धरून घट्टे पडलेला. मला अनोळखी वाटला. सहा फेरे झाले आणि सातव्याला मी अडकले. बघायला जमलेल्यांपैकी कुणी म्हणालं, हातोडा आणा. तानूबाईने फोन लावून दरवाज्याच्या कठड्यावर ठेवला.

"आबा, अडलीया!"

"जोर लावू नको," पलीकडून गेणूचा आवाज आला. "सातव्याला अडतीच ती. अर्धा फेरा मागं घे. आता दम खा. आता फिरव."

मी फिरले. दरवाजा कुरकुरला, वर उचलला गेला आणि खालून पाणी उसळलं. जमलेल्या बायका हसायला लागल्या. तानूबाईने घाम पुसला आणि फोन उचलला.

"सुटलं वो आबा! आन् पोरीचं जहाज? आलं का न्हाय?"

पलीकडून गेणूचा आवाज आला, पण तो नेहमीचा नव्हता.

"आलं तानूबाई. तिनं हात वर केला आन् दरवाजा उघडला. जहाज आत आल्यावर तिनं मागं वळून बघितलं. मी हुतो तितं. या टायमाला मी हुतो."

तानूबाईने डोळ्याला पदर लावला. पाणी चारीतून टेलकडे निघालं होतं.

त्याला आता वर्ष होत आलं. गेणू लेकीकडेच आहे. मी तानूबाईच्या भिंतीला असते आणि दर पाळीला दरवाज्यावर जाते. ती मला तेल लावते, सातव्या फेऱ्याला आपणहून थांबते. माझी काही हेळसांड नाही. तरी संध्याकाळी वाटतं, गेणू यावा आणि मला एकदा तळव्यात धरावं. तो यावा असं फार वाटतं, आणि लेकीला सोडून येऊ नये असंही वाटतं.

मित्रांनो, जुन्या लोखंडाला तेल लावायची आठवण ठेवा, एवढंच मी मागितलं असतं. पण आता माझी विनंती निराळी आहे. तुमच्या घरात किंवा गावात एखादा माणूस वर्षानुवर्षं एकटाच कामाला धावत असेल. त्याच्याकडे जा आणि म्हणा, "आजचा दिवस मी बघतो, तुम्ही जाऊन या." त्याची बोटं लगेच सुटणार नाहीत. तरी हात पुढे करून थांबा. मी कुणाच्याही हाताने फिरते. सुकन्याने मागे वळून पाहिलं, तेव्हा तिथे दुसरं कुणी उभं राहून चाललं नसतं.