सतराव्या विभागाचा ठिपका

सतराव्या विभागात घरं होती दोन हजार एकशे चाळीस. माणसं आठ हजारांच्या थोडी वर, दोन शाळा, एक दवाखाना, बसचे अकरा थांबे आणि या सगळ्याच्या मधोमध एक मोठी पाणथळ जागा. पाणथळीत माणसापेक्षा उंच वाढलेली पाणकणसं, पाणी कुठे गुडघाभर, कुठे कमरेएवढं, बगळे शेवटच्या मोजणीला त्रेसष्ट, माणसं शून्य.

आणि तरीही नियोजन कार्यालयातल्या संगणकाच्या हिशेबात रोज सकाळी आठ हजार माणसं नेमकी तिथूनच, त्या पाण्याच्या मध्यातून, आपापल्या कामाला निघत होती.

पाणथळीचा नकाशा चाळताना भाचीच्या हे लक्षात आलं मंगळवारी दुपारी. आधी तिला हसू फुटलं, मग तिने ते आवरलं. कारण शुक्रवारी प्रदेश आराखड्याची बैठक होती आणि त्याच हिशेबावर मामाचा रस्ता उभा होता.

वाहतुकीचा अंदाज बांधताना प्रत्येक माणूस त्याच्या दारातून निघालेला दाखवता येत नाही. म्हणून सगळ्या प्रदेशाचे बेचाळीस विभाग पाडले होते आणि एका विभागातली सगळी माणसं एकाच ठिपक्यावर उभी आहेत असं धरलं होतं. हा ठिपका संगणक आपोआप विभागाच्या मध्यावर ठोकून देतो. सतरावा विभाग घोड्याच्या नालासारखा होता. मध्ये पाणथळ, तिच्याभोवती नालावर वस्ती, आणि नालाच्या उघड्या तोंडाशी, पूर्वेला, कारखान्यांची वसाहत. नालाचा मध्य काढायला गेलं तर तो पोकळीतच पडणार.

मामाचा रस्ता नालाच्या बाकापासून निघून, पाणथळीत भराव घालून, सरळ नाकासमोर वसाहतीत जात होता. पाण्यात उभ्या असलेल्या आठ हजार माणसांना तो अगदी पायाशी पडत होता.

मामा वाहतूक विभागाचा प्रमुख. निवृत्तीला सहा महिने उरलेले. भाची आठ महिन्यांपूर्वी त्याच कार्यालयात पर्यावरण विभागात लागली होती, पाण्याचे नमुने तपासायला, आणि राहायलाही त्याच्याच घरी होती. कार्यालयात त्याला ‘साहेब, तुम्ही’ म्हणायचं आणि घरी ‘मामा, तू’, असा करार होता. दिवसातून दोनदा तरी तो मोडायचा.

हा रस्ता मामाने मामीला कबूल केला होता. मामी काचेच्या बरण्यांच्या कारखान्यात तपासणीवर होती. बरणी उजेडासमोर धरायची, बुडबुडा किंवा तडा दिसला की बाजूला ठेवायची. घराच्या खिडकीतून कारखाना दिसायचा. पण बसने तिथे पोचायला अठ्ठावन्न मिनिटं लागत. रस्ता झाला की बावीस, असं मामाचा हिशेब सांगत होता. “मी निवृत्त होईन तेव्हा तू उजाडल्यावर उठशील,” असं तो तिला सांगून बसला होता, आणि मामीने ते दोन्ही बहिणींना सांगून ठेवलं होतं.

भाची पडद्यावर तो नकाशा उघडा ठेवूनच लॅपटॉप उचलून मामाच्या टेबलाशी गेली.

“साहेब, एक मिनिट आहे?”

“दोन आहेत. बोला, मोजपट्टी.” हे तिचं घरातलं नाव, करार त्यानेच मोडला होता.

“तुम्ही राहता कुठे?”

“हा काय प्रश्न झाला? तू राहतेस तिथेच. रोज सकाळी न्हाणीघर अडवून बसतेस तिथे.”

“संगणक म्हणतो, आपण पाण्यात राहतो.”

मामाने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. ठिपक्याकडे पाहिलं, मग नकाशाकडे, मग परत ठिपक्याकडे.

“सगळं ऑफिस मला पाण्यात पाहतं, हे ठाऊक होतं,” तो शेवटी म्हणाला. “हासुद्धा सामील झाला म्हणायचा.”

“मामा, बाकीचे ठिपके तर सगळे जागेवर आहेत. बाजाराशी, चौकात, जिथे माणसं आहेत तिथे.”

“असणारच. एकेक मी हाताने सरकवलाय. एकेका विभागात स्वतः गेलो, हिंडलो, लोक राहतात कुठे ते पाहिलं, मग ठिपका ठेवला.”

“आणि सतराव्याला?”

मामा कानाची पाळी ओढत म्हणाला, “सतराव्याला जायचं काय? तिथून तर रोज येतो. तो मला पाठ आहे.”

दोघांनी मिळून तो ठिपका काढला आणि त्याच्या जागी दोन ठेवले, एक नालाच्या उत्तरेच्या टोकाजवळ, एक दक्षिणेच्या. वस्ती खरी दाट होती ती तिथेच. हिशेब पुन्हा चालवला. उत्तर यायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात मामाने टेबलावरच्या पेन्सिली लांबीप्रमाणे लावल्या.

नव्या रस्त्याने एक्कावन्न मिनिटं.

ते साहजिकच होतं. टोकाशी राहणाऱ्या माणसाला तो रस्ता धरायचा तर आधी कारखान्याकडे पाठ करून बाकापर्यंत मागे यावं लागणार होतं.

उद्योग विभागाचे टक्केकाका चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले होते. त्यांना प्रत्येक गोष्ट टक्क्यांत लागायची, म्हणून हे नाव.

“किती टक्के घसरला?”

“घसरला नाही, बुडाला,” मामा म्हणाला.

टक्केकाकांनी आवाज खाली आणला. “हे बघा, बैठकीत ठिपके कोण बघत बसतंय? रस्ता झाला तर वसाहत चाळीस टक्क्यांनी वाढते. चारशे लोकांना काम मिळतं. तुमच्या त्या चिखलात कितीजणांना काम आहे?”

“ती स्वतःच कामावर आहे, काका,” भाची म्हणाली. “अर्ध्या शहराचं सांडपाणी तिच्यातून गाळून नदीला जातं. आत येताना मासा जगणार नाही असं असतं, बाहेर पडताना जगतो. मध्ये भराव घातला की पाणी अर्ध्याच पाणकणसांतून जाईल. पगार घेत नाही, म्हणून ती तुमच्या यादीत नाही एवढंच.”

“लेक तोंडाची तिखट आहे,” टक्केकाका मामाला म्हणाले.

“भाची आहे,” मामा म्हणाला. त्याचं लक्ष पडद्याकडेच होतं. “तिखटपणा तिच्या मामीकडून आलाय. रक्ताचं नातं नसताना.”

भाचीला वाटलं होतं, आपल्याला बरं वाटेल. पाणथळ वाचणार होती. पण डोळ्यांपुढे येत होती ती अंधारात दिवा न लावता, कुणाची झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊन दाराकडे जाणारी मामी.

रात्री जेवताना मामाने तीनदा पाणी मागितलं आणि एकदाही प्यायला नाही. मामीने शेवटी तांब्याच उचलून बाजूला ठेवला.

“अहो साहेब, काय झालंय ते सांगा. नाहीतर मी हिला विचारते, आणि ही खरं सांगेल.”

मामाने सांगितलं. ठिपका, नाल, पाणी, एक्कावन्न, सगळं. मामी ऐकत राहिली.

“म्हणजे दोन वर्षं तुम्ही मला बेडकांत नेऊन बसवलं होतंत?”

“आठ हजार माणसांबरोबर,” भाचीने सांगितलं.

“सोबत तरी होती म्हणायची.” मामी हसली, पण हसू फार टिकलं नाही. ती ताटातली शितं बोटाने गोळा करत राहिली. “बावीस मिनिटं ऐकून मी किनई, त्या वेळात काय काय करायचं ते ठरवूनसुद्धा ठेवलं होतं.”

“काय ठरवलं होतंस?” मामाने विचारलं.

“झोपायचं.”

मग मामा म्हणाला, “ठिपका तसाच ठेवला तर रस्ता मंजूर होईल.”

“आणि मला किती मिनिटं लागतील?”

“तुला एक्कावन्न.”

“मग तो रस्ता काय फोटो काढून भिंतीवर लावू?” मामीने ताट सरकवलं. “बरणीत बुडबुडा दिसला की मी ती बाजूला ठेवते. तुमचा रस्ता बाजूला ठेवा. दुसरं काहीतरी काढा.”

“दुसरं काही नाहीये माझ्याकडे.”

“घरात बसून कुठलं असणार? उद्या चला माझ्याबरोबर. लग्नाला तीस वर्षं झाली, एकदा तरी कामावर सोडायला आलात का?”

मामाने आधी भाचीकडे पाहिलं, मग छताकडे. “माझं ऑफिस उलट्या दिशेला आहे,” तो म्हणाला. पण पहाटे मामीच्या आधी बूट घालून तोच दाराशी उभा होता.

बस नालाच्या कडेकडेने छान पळाली. उजवीकडे पाणथळ उजाडत होती. मामी खिडकीशी, तिच्या शेजारी मामा, मागच्या बाकावर भाची. मामी ओळखीच्या बायकांना सांगत होती, “हे आमचे साहेब. आज माझ्यावर लक्ष ठेवायला आलेत,” आणि साहेब कानापर्यंत लाल झाले होते.

नालाच्या टोकाशी एक लांब भिंत लागली. भिंतीच्या वर बरण्यांच्या कारखान्याचं धुराडं.

“मामी, हा तुझाच कारखाना ना?”

“माझाच.”

“मग बस त्याच्यापासून लांब का निघाली?”

“फाटक पलीकडच्या बाजूला आहे, बाई. वसाहतीला पूर्ण वळसा.”

“आणि हे काय आहे?”

भिंतीत एक रुंद लोखंडी फाटक होतं. गजांवर वेल चढलेला, कुलपाला गंज. बस त्याच्या पुढून निघून गेली. मामा उगाच खिसे चाचपायला लागला.

“ते मी बंद करायला लावलं होतं,” तो म्हणाला. “बारा-तेरा वर्षं झाली. ट्रक तिथून निघून कडेच्या रस्त्यावर येत. तेल, धूळ, सगळं पाणथळीत. लोकांनी डोक्यावर घेतलं होतं ऑफिस.”

“ट्रक बंद करायला हवेच होते,” भाची म्हणाली. “पण बसला कुणी नको म्हटलं होतं?”

“तेव्हा या बाजूला बसच नव्हती.” मामाने मागे वळून पाहिलं. फाटक वळणाआड गेलं होतं. “हिशेबात फक्त सरकारी रस्ते घेतलेत. कारखान्याचं फाटक रस्ता नाही, म्हणून ते आलंच नाही त्यात.”

पुढे महामार्ग लागला आणि बस ट्रकांच्या रांगेत अडकली. रोजच अडकत होती. मामीने सवयीने डोळे मिटले आणि डोकं मामाच्या खांद्यावर टेकलं. मामा मग अजिबात हलला नाही. त्याच अवस्थेत, ओठ जेमतेम हलवत, मागच्या बाकाशी कुजबुजत त्याने सगळं ठरवलं. फाटक उघडायचं, पण फक्त बस, सायकली आणि पायी माणसांसाठी, आणि तिथे चौकीदार बसवायचा. ट्रक मुख्य फाटकातूनच, पण कामाच्या पाळ्या बदलतात तेव्हा नाही.

शुक्रवारी बैठकीत मामा उभा राहिला आणि म्हणाला, “पाणथळीवरच्या रस्त्यावर मी पाणी सोडतोय. चूक माझी आहे. एक्केचाळीस विभाग मी फिरून पाहिले. राहतो तो मात्र पाहिला नाही.” लोक हसले, पण अध्यक्षबाई हसल्या नाहीत, त्यांनी ठिपका दाखवायला सांगितलं आणि चष्मा पुसून बराच वेळ पाहिला.

टक्केकाका भांडले. ते भांडणार हे ठरलेलंच होतं. पण बोलता बोलता त्यांच्याच तोंडून निघून गेलं, की वसाहतीत नवीन लागलेल्या माणसांपैकी तीस टक्के वर्षाच्या आत सोडून जातात, आणि कारण विचारलं की ‘पोचायला फार वेळ लागतो’ असं सांगतात. ते क्षणभर थांबले. “म्हणजे फाटकाने वसाहतीचाही फायदाच आहे,” ते जरा नाराजीनेच म्हणाले. वसाहत किती वाढू द्यायची यावर मग दुपारपर्यंत घासाघीस झाली. पाणथळीला आणखी किती सांडपाणी पेलेल, ते भाचीने मांडलं. चाळीस टक्के मागणारे काका पंचविसावर आले, आणि भाचीला वीसच हवे होते, तरी तिनेही पंचवीस मान्य केले. आराखड्यात रस्त्याची रेघ खोडली गेली. नकाशावर तिथे पांढरा पट्टा राहिला.

फाटकाचं कुलूप तोडावंच लागलं. किल्ली कुणाकडेच नव्हती. मामाच्या निवृत्तीला तीन आठवडे असताना पहिली बस आत गेली. मामी, मामा आणि भाची तिच्यात होती. वेळ भाचीने मोजली. त्याच आठवड्यात पाणथळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुनाही तिनेच घेतला.

घराच्या दारापासून मागच्या फाटकापर्यंत: एकोणचाळीस मिनिटं, आधी अठ्ठावन्न. मासा ज्यावर जगतो तो, पाण्यात विरघळलेला प्राणवायू: लिटरमागे ५.८ मिलिग्रॅम, आदल्या वर्षी याच आठवड्यात ५.७.