फिरती ढाल आणि चाळीस फडकी

जावयाने आजवर पुष्कळ ठिकाणची हवा तपासली होती. कारखान्यांची, दवाखान्यांची, एकदा तर एका बँकेच्या तळघराची. तिथला मॅनेजर "आमच्याकडे सगळं ठीक आहे" असं म्हणत होता आणि दर वाक्याला शिंकत होता. कुठेही तो कचरला नाही. पण त्या सोमवारी साहेबांनी टेबलावर टाकलेल्या फायलीवर ‘इयत्ता पाचवी, तुकडी ब, वर्गात बुरशीचा संशय’ असं वाचलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पाचवी ब हा त्याच्या सासूबाईंचा वर्ग होता.

"दुसऱ्या कुणाला पाठवा ना," तो म्हणाला.

"दुसरं आहे कोण? एकाचा पाय प्लास्टरमध्ये, एक बाळंतपणाच्या रजेवर. तूच जा. सासूला घाबरून कुणी खोटा अहवाल दिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही."

साहेबांचं लग्न झालेलं नव्हतं, हे इथे सांगायला हवं.

प्रश्न नुसता सासूबाईंचा असता तर जावयाने पायाचं दुखणं काढलं असतं. पण त्याची लेक त्याच वर्गात होती. तिला घरात सगळे खारू म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. गेल्या चार महिन्यांत मात्र ती ठरायला लागली होती. जिना चढला की बसायची, छातीतून बारीक शिट्टी वाजायची. दप्तरात वह्यांच्या शेजारी श्वासाचा पंप आला होता. सुट्टीत ती ठणठणीत असे आणि शाळा भरली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डॉक्टर म्हणाले होते, हे सत्र संपेपर्यंत फरक पडला नाही तर शाळा बदला, नाहीतर दम कायमचा मागे लागेल.

शाळा बदला, हे सासूबाईंना सांगायचं कुणी? त्यांचं निदान केव्हाच झालेलं होतं. "आमच्या घराण्यात कुणी खोकत नाही," त्या म्हणायच्या आणि पुढचं वाक्य न बोलता जावयाकडे बघायच्या. सहा पालकांनी मुख्याध्यापकांना तक्रारीचं पत्र दिलं तेव्हा जावयाने त्यावर सही केली नव्हती. बायको म्हणाली होती, आईच्या विरुद्ध सही करायची असेल तर आधी माझ्याशी बोल, आणि बोलायचा धीर त्याला झाला नव्हता. त्याची त्याला अजून लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी तो यंत्रांची पेटी घेऊन शाळेत पोहोचला. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"या साहेब," त्या म्हणाल्या. घरी त्या त्याला जावईबापू म्हणत. "पाय पुसा."

त्याने पाय पुसले. वर्गात मागच्या बाकावर खारू बसली होती. तिने बापाकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं. शाळेत आजीला बाई म्हणायचं आणि घरचं घरी ठेवायचं, असा नियम होता. बापालाही तो लागू असावा.

वर्ग इतका लख्ख होता की जावयाला आपल्या घराची आठवण येऊन ओशाळल्यासारखं झालं. बाक पुसलेले, फळा काळाभोर, खिडक्यांच्या गजांवर धुळीचा कण नाही. मागच्या भिंतीला एक लाकडी कपाट होतं, त्यावर पितळेची ढाल. स्वच्छ वर्गाची फिरती ढाल. गेली अकरा वर्षं ती कुठेही फिरलेली नव्हती.

पण वास येत होता. पावसात भिजलेलं पोतं कोपऱ्यात विसरावं, तसला.

"फिनेल आहे," सासूबाई म्हणाल्या.

जावयाने भिंतींना ओल मोजायची सुई लावली. तीन भिंती कोरड्या निघाल्या. छत कोरडं, नळाचा पाइप या बाजूने जातच नव्हता. चौथ्या भिंतीपाशी कपाट आडवं आलं.

"यात काय आहे?"

"वर्गाचं सामान."

"जरा उघडता का?"

"या कपाटाची किल्ली मी मुख्याध्यापकांनाही दिलेली नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुमचं यंत्र हवा मोजतं ना? मग हवा मोजा."

दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी जावयाने कपाट उघडून घेतलं असतं. ते त्याचं कामच होतं. इथे त्याने फळ्याशेजारी हवेतला दमटपणा नोंदवणारा पांढरा डबा टांगला, हवेतले बुरशीचे कण धरायला दोन काचेच्या बशा उघड्या ठेवल्या आणि आठवडाभर वर्गात रोज काय काय होतं ते वेळेसकट लिहून ठेवायची विनंती केली. मग शेपूट घालून तो कचेरीत परतला.

सासूबाईंनी नोंद ठेवली ती अशी, की जावयाच्या कचेरीत तसली कुणी कधी पाहिली नव्हती. दहा वाजून दोन मिनिटं, हजेरी. दहा चौदा, अमुक नंबरची शिंक, दोनदा. चार पंचेचाळीस, शाळा सुटली. चार बावन्न, खिडक्या व दार बंद केले, कड्या स्वतः ओढून पाहिल्या.

बशांमध्ये मात्र बुरशीने नुसता उच्छाद मांडला होता. आणि पांढऱ्या डब्याचा आलेख बघून जावयाचं डोकं चक्रावलं. चाळीस पोरं दिवसभर श्वास सोडतात तेव्हा वर्ग दमट व्हावा, हे ठीक. इथे पोरं घरी गेली, दार बंद झालं आणि मग दमटपणा चढायला लागला. पाच वाजल्यापासून सकाळपर्यंत चढताच. रविवारी उतरला, सोमवारी संध्याकाळी पुन्हा तेच. रिकाम्या, कुलूपबंद वर्गात रोज संध्याकाळी पाणी येत होतं कुठून?

त्याने नोंदवही तीनदा वाचली. चार चाळीस ते चार पंचेचाळीस या पाच मिनिटांत काहीच लिहिलेलं नव्हतं. शिंकासुद्धा मोजणाऱ्या बाईंनी पाच मिनिटं मोकळी सोडली, हे काही त्याला पटेना.

त्या दिवशी जेवताना त्याने खारूला विचारलं, "शाळा सुटायच्या आधी तुम्ही काय करता गं?"

"शाळेतलं शाळेत," खारू म्हणाली.

"आजी इथे नाहीये."

"बाई," खारूने दुरुस्ती केली.

तिचं जेवण झालं. खारू उठली, ओट्यावरचं फडकं ओलं केलं, टेबलावरची आपली जागा पुसली, फडकं पिळलं, त्याची चौपदरी घडी घातली, खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवर बंद केला. हे ती पाचवीत गेल्यापासून करत होती. बायको कौतुकाने सगळ्यांना सांगायची, आणि जावईही. आज तो घास तसाच हातात धरून ड्रॉवरकडे बघत राहिला. मग उठून त्याने तो उघडला. ओळखीचा वास आला. फडक्याच्या घडीवर काळे ठिपके होते.

"कपाटात फडकी ठेवता?" त्याने विचारलं.

खारूने तोंडावर हात ठेवला. म्हणजे हो.

बायको सगळं बघत होती. तिने ड्रॉवरमधलं फडकं दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं. "आईला सांभाळून सांग," मग ती म्हणाली. "पण सांग."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो वर्गात गेला. सासूबाई खिडक्या लावत होत्या.

"आई, कपाट उघडा," तो म्हणाला. शाळेत त्याने त्यांना आई म्हटलं, हे त्याच्या नंतर लक्षात आलं. त्यांच्या मात्र लगेच लक्षात आलं असावं, कारण त्यांनी त्याला टोकलं नाही. कमरेची किल्ली काढली.

चाळीस फडकी होती. प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने भरलेला हजेरी क्रमांक. चार पदरांची घडी, दहा-दहाच्या चार रांगा, कडेला कड जुळलेली. रोज शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येक पोराने आपला बाक ओल्या फडक्याने पुसायचा, पिळायचं, घडी घालायची, कपाटात ठेवायचं, दार लावायचं. ही सवय होती, म्हणून ती वहीत आली नाही. हजेरीला उभं राहताना पोरांनी चपला कुठे ठेवल्या हेही त्यांनी लिहिलं नव्हतं.

"वाळत का नाही घालत?" त्याने हळूच विचारलं.

"लोंबकळणारी फडकी गबाळी दिसतात. ढालीचे गुण जातात."

जावयाने वरची रांग बाजूला केली. कपाटाच्या पाठीची फळी काळी पडली होती, मऊ झाली होती. त्याने बोट लावलं तर आत गेलं. दोघांनी मिळून कपाट हातभर पुढे ओढलं. मागची भिंत जमिनीपासून त्याच्या खांद्यापर्यंत काळी होती.

रोज दीडएक लिटर पाणी त्या कपाटात कोंडलं जात होतं. शाळेतल्या सगळ्यांत स्वच्छ वर्गाला त्याची स्वच्छताच बाधली होती. एरवी जावयाने ही गोष्ट घरी तिखटमीठ लावून सांगितली असती. आता त्याला हसू येत नव्हतं.

सासूबाईंनी एक फडकं उचललं. त्याचा नंबर वाचला. मग वळून मागच्या बाकाकडे पाहिलं. कपाटापासून तो एका हातावर होता.

"खारूला मी इथे बसवलं," त्या म्हणाल्या. "मी स्वतः. बाईंची नात म्हणून पुढे बसते असं कुणी म्हणू नये म्हणून."

"तुम्हाला माहीत नव्हतं, आई."

"वास येत होता. मला येत होता वास." सासूबाई त्या बाकावर बसल्या. "फिनेल वाढवत गेले. आणि खापर तुमच्या घराण्यावर फोडलं."

जावयाला गेले चार महिने हे वाक्य ऐकायचं होतं. ऐकलं तेव्हा त्याला अजिबात बरं वाटलं नाही. तो शेजारी बसला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही. बाक पाचवीच्या पोरांच्या मापाचा होता, त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते.

"हा बाक मोडाल," सासूबाई म्हणाल्या.

पाचवी ‘ब’चे वर्ग दुसऱ्याच दिवसापासून ग्रंथालयात भरायला लागले. कपाट फोडलं, भिंत खरवडली, नवा गिलावा केला. अहवाल लिहायला मात्र जावयाला तीन रात्री लागल्या. शेवटी त्याने लिहिलं, ‘मागील भिंतीलगतच्या कपाटात काही कारणाने ओलावा साठल्याचे आढळले.’ वाक्य त्याला छान जमल्यासारखं वाटलं. कुणाचं नाव नाही, कुणाला बोल नाही. मुख्याध्यापकांकडे द्यायच्या आधी एक प्रत त्याने सासूबाईंना वाचायला दिली.

ती प्रत दुसऱ्या दिवशी खारूच्या दप्तरातून परत आली. ‘काही कारणाने’ या शब्दांखाली लाल शाईने दोन रेघा ओढलेल्या होत्या. समासात लिहिलं होतं, ‘कोणत्या? वर्गशिक्षिका बावीस वर्षे रोज चाळीस ओली फडकी बंद कपाटात ठेवत असे, असे लिहावे.’ खाली गुण होते. दहापैकी पाच. आणि शेरा, ‘उत्तर येत होते, भिऊन निम्मे लिहिले. पुन्हा लिहून आणा.’

त्याने पुन्हा लिहिलं.

सहा आठवड्यांनी तो फेरतपासणीला गेला. वर्गाच्या बाहेर मैदानाच्या कडेला दोन दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यावर चाळीस फडकी वाऱ्यावर वाटेल तशी फडफडत होती, एकाचीही कड दुसऱ्याशी जुळत नव्हती. आतल्या खिडक्या सताड उघड्या होत्या. मागच्या भिंतीपाशी काहीच नव्हतं. ढाल शेजारच्या पाचवी ‘अ’मध्ये गेली होती, सासूबाई ती स्वतः उचलून देऊन आल्या होत्या.

जावयाने सुई लावली, डबा पाहिला. सगळं कोरडं. मग त्याने खारूला शोधलं. मागच्या बाकावर ती नव्हती. ती पहिल्या रांगेत, खिडकीला अगदी लागून बसली होती, आणि बसलीही नव्हती, एक पाय बाकावर ठेवून शेजारणीची पट्टी ओढत होती. कित्येक महिन्यांनी तिचं ते एका जागी न ठरणं जावई नुसता बघत राहिला. मग त्याने सासूबाईंची थोडी चेष्टा करायचं ठरवलं.

"पहिला बाक, बाई?" तो म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

सासूबाईंनी हजेरीपटावरून मान वर केली नाही.

"म्हणू देत," त्या म्हणाल्या. "नात आहे माझी."