पैलवान आणि कारकून

दुकानात त्याला सगळे मास्तर म्हणायचे. शाळेत त्याने कधी शिकवलं नव्हतं, पण दोन लॅपटॉपमधला फरक समजावून सांगायला बसला की समोरचा माणूस पटल्याशिवाय उठत नसे. आणि गिऱ्हाइकं तरी काय एकेक येतात! एकाला घरचे हिशोब करायचेत आणि सिनेमे बघायचेत, पण शेजाऱ्याने घेतलाय त्याहून वेगवान हवा. दुसऱ्याला मोठमोठे खेळ खेळायचेत, वर बॅटरी दिवसभर पुरायला हवी, पंख्याचा आवाज नको आणि वजन तर मुळीच नको. म्हणजे बैल हवा, पण मांडीवर झोपणारा. मास्तर कुणाला हसत नसे. दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवायचा आणि सुरू व्हायचा.

हा पैलवान, तो म्हणायचा, आणि हा कारकून. दोन्हींच्या पोटात प्रोसेसर असतो, म्हणजे मेंदू म्हणा, आणि फरक काय तो तिथेच. पैलवानाला कुठलाही खेळ द्या, चित्र जरासुद्धा अडखळणार नाही. पण तो वीज खातो, घोरतो आणि तापतो. कारकून मुकाट्याने दिवसभर पत्रं लिहील, पैसे भरील, सिनेमे दाखवील, अंग गरम होऊ देणार नाही. मात्र मोठा खेळ दिलात तर दोन मिनिटांत बसकण मारील. एवढं सांगून झालं की पैलवानावर खेळ चालू करायचा, थोडा वेळ चालू द्यायचा आणि गिऱ्हाइकाला खालून तळवा लावायला सांगायचा. गिऱ्हाईक हात झटकन मागे घेऊन हसायचं. मग मास्तरचं ठरलेलं वाक्य यायचं: खेळायचं असेल तर टेबलावर, मांडीवर घ्यायचा असेल तर कारकून. हे वाक्य इतक्यांदा म्हणून झालं होतं की दुकानातली बाकीची मंडळी त्याची नक्कल करत.

आणि याच माणसाने आपल्या सख्ख्या भावाच्या मांडीवर पैलवान ठेवू दिला.

धाकटा इमारतींना रंग द्यायच्या कामावर होता. परांचीवरून पडावा तसा तिसऱ्या मजल्यावरून पडला नाही. पडला तो जेमतेम माणूसभर उंचीच्या शिडीवरून, आणि पडला तोही नेमका पाठीवर. कंबरेखालचं सगळं गेलं. डॉक्टर म्हणाले होते की कधीकधी संवेदना परत येते, आधी गरम-गार कळायला लागतं, मग पुढचं पुढे. एवढ्या बोलण्यावर त्या घराने किती दिवस काढले! आई रोज त्याचं अंग पुसायची. गरम पाण्यात फडकं पिळायची, मांडीवर ठेवायची आणि विचारायची, लागतंय का रे? तो म्हणायचा, नाही. ती म्हणायची, बरं, उद्या बघू. पुढे पुढे त्या "बरं"मधला जीव गेला, आणि मग एका सकाळी तिने नुसतंच अंग पुसलं, विचारलंच नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही.

धाकट्याकडे उरला होता तो एक खेळ. चौघाचौघांच्या टोळ्या, पडक्या शहरातून पळायचं, लपायचं, दुसऱ्या टोळीला गाठायचं. बाकीचे तिघे कुठल्या कुठल्या गावचे, एकमेकांना कधी न भेटलेले. ते त्याला कप्तान म्हणायचे. कप्तान खाटेवर पडून असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्याने सांगितलंही नव्हतं. तिथे तो जिने चढायचा, भिंतींवरून उड्या मारायचा. पण त्याचा जुना लॅपटॉप पार म्हातारा झाला होता. ऐन मोक्याच्या वेळी चित्र थिजायचं आणि सुटेपर्यंत कप्तान मेलेला असायचा. टोळीतले आधी हसले, मग चिडले, मग एकाने सरळच सुचवलं की काही दिवस तू बाहेर बस. त्या दिवशी धाकटा जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून पडला, आणि हाक मारली तरी वळेना.

मास्तरने मग ठरवलं की हा खेळ जाता कामा नये. हा गेला तर भाऊ हातचा गेला, हे त्याला सरळ दिसत होतं. दुकान बंद असायच्या दिवशी त्याने मालकांकडून किल्ली घेतली, पैलवान आणि कारकून शेजारी मांडले आणि दोन्हींवर तोच खेळ, तीच पडकी गल्ली पुन्हा पुन्हा चालवून पाहिली. परक्यांसाठी जे पाच मिनिटांत उरकायचा, त्यात अख्खा दिवस गेला. कारकुनाने शिकस्त केली बिचाऱ्याने. पण चारजण एकदम समोर आले की त्याचं त-त-प-प व्हायचं. पैलवानाला मात्र काही जाणवतच नव्हतं. मास्तर पैलवान घेऊन घरी आला, आणि सोबत खाटेवर ठेवायचं एक छोटं टेबलही आणलं. आपलं दुकानातलं वाक्य तो विसरला नव्हता.

टेबल चाललं नाही. टेबलावर हात ठेवले की धाकट्याची कोपरं हवेत लोंबकळायची, खांदे भरून यायचे, नेम चुकायचा. मांडीवर घेतला की कोपरं उशांवर टेकायची आणि हात स्थिर राहायचे. मध्ये एक उशी घालून पाहिली, तर पैलवानाच्या पोटाखालची हवेची भोकं बुजली आणि तोही धापा टाकायला लागला. शेवटी उशी निघाली. राहिली ती फक्त चादर.

मास्तरने ते पाहिलं. त्याने चादर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये आपला तळवा सरकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. गरम होतं, पण चटका नव्हता. सोसवेल एवढं आहे, तो म्हणाला, अधूनमधून सरकवत जा म्हणजे झालं. सोसवेल! अरे, कुणाला सोसवेल? ज्याचा हात नकोसं झालं की आपसूक बाजूला होतो, त्याला. मास्तरचाही तळवा तेवढ्या वेळात दोनदा सरकला होता, त्याच्या नकळत. पण हे त्याला फार उशिरा सुचायचं होतं. त्या घडीला त्याच्या कानात एवढंच शिरत होतं की धाकटा कुणाला तरी झापतोय: अरे डावीकडे बघ ना, झोपलास काय! स्वयंपाकघरात आई पोळी तव्यावर तशीच टाकून उभी राहिली होती. पोळी करपली. आई म्हणाली, करपू दे, किती दिवसांनी ओरडतोय कुणावर तरी.

काही आठवडे घराला घरपण आलं. कप्तानची टोळी जिंकायला लागली. धाकटा दाढी करायला लागला, आईच्या भाजीला नावं ठेवायला लागला, आणि दादाच्या दुकानी भाषेची टर उडवायला लागला. मग हळूच म्हणाला की अंग मी माझं मीच पुसेन, आई, तुझी कंबर दुखते. आईला कौतुकच वाटलं. पोरगं उभारी धरतंय, ती शेजारणीला सांगून आली. फडकं आणि गरम पाणी त्याच्याजवळ ठेवून ती दार ओढून घ्यायची.

लघवीची नळी बदलायला येणाऱ्या नर्सबाईंना आधी वास आला. त्यांनी चादर ओढली. धाकट्याने ती धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण बाई खमक्या होत्या. डाव्या मांडीवर तळहाताएवढी जागा काळी पडली होती, कडा ओल्या, आणि काळ्या कातड्यावर बारीक बारीक रेघांची जाळी उमटलेली. इथे काय ठेवता तुम्ही, बाईंनी विचारलं. आई काही न कळून एकदा बाईंकडे आणि एकदा मास्तरकडे बघत राहिली. मास्तरला विचारावं लागलंच नाही. पैलवानाचा प्रोसेसर कुठे बसतो, हे तो दुकानात रोज बोट ठेवून दाखवायचा. नेमकी तीच जागा होती. ती जाळी हवेच्या भोकांची होती.

पुढचं काय सांगायचं. इस्पितळात मेलेलं मांस काढलं, दुसरीकडची कातडी आणून लावली, ती धरली नाही. पुन्हा लावली, तीही धरली नाही. ताप चढायचा, उतरायचा, परत चढायचा. जखम आत हाडाकडे चालली होती. डॉक्टर आता पाय ठेवायचा की काढायचा याबद्दल बोलायला लागले, आणि धाकटा त्यांना म्हणाला, काढा की, तसाही अडगळीतच आहे. डॉक्टरांना हसावं की काय ते कळेना. आई बाहेर जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. मास्तर रडला नाही. तो आपला तळवा बघायचा. बसमध्ये बघायचा, जेवताना बघायचा. दुकानात आता गिऱ्हाइकांना हात लावून बघा म्हणणं त्याच्याने होईना. मालकांनी त्याला मागच्या खोलीत खोकी मोजायला बसवलं.

मांडीसकट डावा पाय गेला, तेव्हा कुठे ताप गेला. धाकटा घरी आला. मास्तरने कारकून आणून ठेवला होता: हलका, थंडगार, दिवसभर पुरणारा. दोघांनी मिळून खेळ चालवून पाहिला. कारकुनाने त-त-प-प केलं. टोळीने केव्हाच दुसरा कप्तान धरला होता, आणि तो नवा गडी बरा खेळत होता. धाकट्याने थोडा वेळ त्यांचं बोलणं ऐकलं, कानावरचा हेडफोन काढला आणि झाकण मिटलं. तक्रार नाही, चिडचिड नाही. मास्तरला वाटलं, शिव्या तरी दे रे. तेवढंही दिलं नाही त्याने.

आई औषधं आणायला गेली होती. मास्तर खाटेशेजारी बसला. म्हणाला, चूक माझी आहे. जगाला टेबलावर ठेवा म्हणून सांगत आलो आणि तुझ्या वेळी हात लावून सोसवेल म्हणालो. माझ्या हाताने घात केला. तुला बिचाऱ्याला कळणार तरी कसं होतं.

धाकटा छताकडे बघत होता.

"मला कळत होतं, दादा," तो म्हणाला.

मास्तरला वाटलं, ताप परत आला.

"हाताला कळायचं. उचलताना चटका बसायचा बोटांना. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

"मग सरकवला का नाहीस? खेळापायी?"

"आधी खेळापायी." तो थांबला. "आईने विचारणं बंद केलं ना, लागतंय का म्हणून. कुणीतरी विचारायला हवं होतं. तर म्हटलं, मीच बघतो. पाण्यापेक्षा हा जास्त तापतो. आज नाही लागलं, तर उद्या जरा जास्त वेळ ठेवून बघू. चट्टा आला तेव्हा तर मी खूश झालो. वाटलं, आता एवढं झालंय म्हणजे आज ना उद्या दुखेलच."

मास्तर पुन्हा आपल्या तळव्याकडे बघायला लागला.

"तू इतक्या लोकांचे हात मागे आलेले बघतोस दुकानात. मला वाटायचं, एकदा तरी माझा पाय मागे येईल."

बाहेर फाटक वाजलं. आई आली होती. धाकट्याने घाईघाईने चादर सारखी केली आणि दादाला म्हणाला की आईला यातलं काही सांगू नकोस, तिला वाटेल तिने विचारायला हवं होतं. मास्तरने मान हलवली. आई आत आली, पिशवी ठेवली, आणि दोघांचे चेहरे बघून दारातच थबकली. काय झालं, तिने विचारलं. काही नाही, मास्तर म्हणाला, नवा लॅपटॉप तापत नाही म्हणून बघत होतो.

आईने पुढे होऊन कारकुनाच्या पाठीवर हात ठेवला. मग तोच हात उरलेल्या मांडीवर, चादरीवरूनच, ठेवला आणि कित्येक महिन्यांनी विचारलं, लागतंय का रे?

"हो," धाकटा म्हणाला. "थोडं थोडं."

आई तिथेच खाटेवर बसली आणि रडत रडत हसायला लागली. मास्तर उठून आतल्या खोलीत गेला. त्याने पाहिलं होतं: आई वाकली तेव्हाच धाकट्याने डोळे मिटून घेतले होते, आणि आईचा हात कुठे आहे हे त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं.