तुझ्या बाजूला काय दिसतंय?

ताडपत्री ओढली तशी धूळ भसकन वर आली. सरलाताईंनी मास्क नाकावर नीट केला आणि सगळ्यात आधी चाकांकडे पाहिलं.

"टोन, चाकांचे आरे बघ रे एकदा. हिवाळाभर उभी आहे गाडी. ऐन वेळी एखादा निखळला तर?"

"ही चाकं तुझ्या नवऱ्यानं बसवलीत," टोन म्हणाला. "त्यांच्या आधी आपण दोघं निखळू."

टोन हा आइंडहोवनजवळच्या बेस्ट गावातला त्यांचा डच शेजारी. शेती त्यानं कधीच विकली होती, पण कोठार आणि नेल नावाची एक म्हातारी घोडी मात्र राखली होती. त्या कोठारात सरलाताईंच्या नवऱ्याची, दामोदररावांची, आयरिश घोडागाडी असायची. मोठी दोन चाकं, आणि त्यांच्यावर दोन्ही अंगांना एकेक बाक. बसणाऱ्यांची पाठीला पाठ, तोंडं रस्त्याच्या कडांकडे, पाय बाहेर फळीवर. दोन पाठींच्या मधे सामान ठेवायला एक लांबट पेटी. पाहणाऱ्याला वाटावं, भांडण झालेल्या नवराबायकोसाठीच कुणी बनवली असेल.

दामोदरराव मात्र तिच्यावर तासभर बोलू शकायचे. आयर्लंडमध्ये गाडीवानाला जार्व्ही म्हणतात, इथपासून सुरुवात व्हायची. मग तो इटालियन फेरीवाला यायचा, पाठीवर तसबिरींचं ओझं घेऊन आयर्लंडभर पायी हिंडणारा. नेपोलियनचं युद्ध संपलं, लष्कराचे घोडे स्वस्त झाले, तेव्हा त्यानं क्लॉनमेल गावाहून अशाच एका गाडीतून माणसं आणि टपाल न्यायला सुरुवात केली, आणि बघता बघता देशभर त्याच्या गाड्या धावायला लागल्या. "बाहेरून आलेल्या माणसानं त्यांना हिंडायला शिकवलं, काय?" असं म्हणून ते पाहुण्याच्या गुडघ्यावर थाप मारायचे. ते स्वतः तरुणपणी पुण्याहून आइंडहोवनच्या कारखान्यात आलेले. त्यामुळे तो फेरीवाला त्यांना नात्यातलाच वाटायचा.

आता ते असं बोलत नव्हते. तीन वर्षांपूर्वी विसरण्याचा आजार इतका वाढला की त्यांना गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. आधी डच गेलं, मग इंग्रजी. उरलं ते मराठी, आणि तेही तिथे फक्त सरलाताईंना कळणारं.

सरलाताईंचा नेम साधा होता. सकाळी पूजा, जप, देवाला नैवेद्य. त्यातला पहिला घास यांना, मग आपल्याला. लग्नापासूनचा नेम. ते शुश्रूषागृहात गेले तेव्हा त्या रोज दुपारी सायकलला डबा अडकवून जायच्या, घास भरवायच्या आणि तिथेच खिडकीपाशी बसून आपण जेवायच्या. मग मार्चमध्ये करोना आला आणि दारं बंद झाली. तेव्हापासून त्या नैवेद्याचा घास अंगणातल्या डोमकावळ्यासाठी ठेवायच्या आणि दिवस मावळल्यावर एकदाच काहीतरी पोटात ढकलायच्या. देवाला म्हणायच्या, नेम मोडला नाही रे, मोडवला गेला.

काचेआडून भेट झाली होती. अलीकडे त्या, पलीकडे ते, दोघांच्या कानाला फोन. मास्क काढून, केस नीट करून सरलाताई उभ्या राहिल्या. दामोदररावांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग नर्सकडे वळून अदबीनं म्हणाले, "या बाईंना सांगा, आमची मंडळी घरात नाहीत. संध्याकाळी या म्हणावं."

त्या रात्री सरलाताईंनी आरशात स्वतःला नीट पाहिलं. ही म्हातारी कोण, असं दामोदररावांना वाटलं तर नवल काय! आणि आवाज, तो फोनमधून पत्र्यासारखा येत होता.

आणि मागच्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन. "तो खात नाहीये, बाई. चमचा दिसला की ओठ मिटून घेतो. आम्ही इथे जबरदस्ती करत नाही, नळी घालत नाही. असंच चाललं तर आपल्याला पुढचं बोलावं लागेल."

पुढचं म्हणजे काय ते सरलाताईंना न सांगता कळलं.

बागेत भेटायला नुकतीच परवानगी मिळायला लागली होती. दीड मीटर अंतर, स्पर्श नाही. पण बागेत खुर्चीवर समोरासमोर बसून पुन्हा ते "या बाईंना सांगा" ऐकायचं? काय करावं, काय करावं, असं घोकत त्या जपाची माळ ओढत होत्या, आणि मधेच त्यांना ती गाडी आठवली.

मुलीनं, वैदेहीनं, अ‍ॅमस्टेलव्हीनहून व्हिडिओ कॉलवर डोक्याला हात लावला.

"आई, सीरियसली? बाबांना घोडागाडीवर? बागेत खुर्ची टाकून बस ना सरळ!"

"खुर्चीवर मी त्यांना समोर दिसते गं."

"मग? तेच हवंय ना?"

"समोर दिसले की परकी होते."

वैदेही हळूच म्हणाली, "आणि ते घाबरले तर? पडले तर? मी धावत येऊही शकणार नाही, आई. आहे तेवढंही जाईल."

"पट्टा बांधायचा. टोन घोडी हातात धरून चालणार आहे. आवारातल्या कालव्याकाठच्या रस्त्यानं टोकापर्यंत जायचं आणि परत. बस."

बोलताना आवाज ठाम ठेवला, पण फोन ठेवल्यावर सरलाताई देव्हाऱ्यापुढे जाऊन बसल्या. वैदेहीचं काय चुकीचं होतं? उद्या ते गाडीवर किंचाळले, तर ती परवानगी गेलीच, आणि ते किंचाळणं जन्मभर कानात राहणार.

शुश्रूषागृहाच्या मुख्य बाईंनी आधी नाहीच म्हटलं. मग मार्लूस नावाच्या नर्सनं त्यांना गाडीचा फोटो दाखवून समजावलं. दामोदरराव एका बाकाच्या पुढच्या टोकाला, सरलाताई दुसऱ्या बाकाच्या मागच्या टोकाला, तोंडं विरुद्ध दिशांना, वर उघडं आभाळ. टोननं टेप लावून माप घेतलं आणि कळवलं, "दीड मीटर. शिवाय घोडीची शेपटी."

ठरलेल्या दिवशी ढग होते, पण पाऊस नव्हता. स्वयंपाकघरामागे जिथे ट्रकमधून सामान उतरवतात तो ओटा नेमका बाकाच्या उंचीचा होता. टोननं गाडी तिथे लावली. नेल कान मागे टाकून उभी होती. हिवाळ्यानंतर आज पहिल्यांदाच ती जुंपली गेली होती, आणि सरलाताईंना तिचे ते कान मुळीच आवडले नाहीत.

"ही बिथरणार नाही ना रे?"

"ती माझ्या वयाची आहे. बिथरायला ताकद लागते."

दार उघडलं. मार्लूस आणि आणखी एक जण, दोघंही निळ्या झग्यात, दामोदररावांना धरून आले. त्यांचा कोट अंगावर नुसता टांगल्यासारखा. टोननं ते पाहिलं. मग त्यानं सरलाताईंच्या बाकाखालून वाळूची पिशवी उचलली.

ती पिशवी नेहमी त्यांच्याच बाजूला असायची. दामोदरराव अंगानं भरलेले, म्हणून गाडी त्यांच्या बाजूला कलायची, आणि "तू जरा जेवत जा, मला वाळू वाहावी लागते," असं ते दर वेळी म्हणायचे. आज टोननं ती पिशवी फिरून नेऊन दामोदररावांच्या बाजूला ठेवली. सरलाताईंनी तोंड दुसरीकडे वळवलं.

"नमस्कार," दामोदरराव त्यांच्याकडे पाहून म्हणाले. परक्या बाईला म्हणावं तसं.

"नमस्कार," सरलाताई म्हणाल्या.

डबा त्यांच्या हातात होता. "हे काय?" मार्लूसनं विचारलं.

"प्रसाद. केळं घातलेला शिरा, वड्या थापल्यात. मऊ आहेत."

मार्लूसनं खिशातून बाटली काढून डब्यावर सगळीकडून फवारा मारला आणि पुसला. देवा, तूही करोनात सापडलास, असं सरलाताईंच्या मनात आलं. डबा त्यांनी नेहमीच्या जागी, मधल्या पेटीवर, झाकण सैल करून ठेवला. मग फिरून आपल्या बाकावर चढून बसल्या.

टोननं च्याक् केलं. गाडी हलली.

आणि मागून आवाज आला. शब्द नव्हते, नुसतं कण्हणं. मग ते वाढलं. पट्ट्याचा चामड्याचा करकर आवाज, फळीवर बुटांची धडपड. नेलनं मान उडवली.

"थांबू या का?" मार्लूस सरलाताईंच्या बाजूनं चालत होती, तिच्यासोबतचा माणूस दामोदररावांच्या; तिनं हात वर केला. "तो घाबरलाय."

सरलाताईंना वळून पाहायचं होतं. पण अशा गाडीवर वळून पाहिलं तर तोल जातो, हे आयर्लंडमधल्या किलार्नीला पहिल्याच दिवशी त्या शिकल्या होत्या. कंपनीनं दामोदररावांना तिकडे पाठवलं तेव्हा दोघं तिथली तळी बघायला गेली होती. जार्व्हीनं घोडं पळवलं, पायाखालून रस्ता धावायला लागला, आणि नवरा पाठीमागे कुठेतरी! दिसेना, हाताला लागेना. तेव्हा भीतीनं त्या ओरडल्या होत्या. आज तेच शब्द आपसूक तोंडात आले. मास्कमधून, पण फोनमधून नव्हे.

"अहो, आहात ना?"

कण्हणं चालूच.

"अहो! आहात ना?"

मार्लूसनं टोनला खूण केली. टोनची पावलं मंदावली. संपलं, सरलाताईंना वाटलं. आता उतरवतील, आत नेतील, आणि मग ते पुढचं बोलणं. त्यांचे डोळे भरून आले, समोरचं सगळं पुसट झालं. एरवी कधी मोठ्यानं न बोलणारी ती बाई सगळा जीव गोळा करून ओरडली.

"अहो, आहात ना?"

"आहे, आहे," मागून कुणीतरी वैतागून म्हणालं. "ओरडतेस काय?"

गाडी चालत राहिली.

"तुझ्या बाजूला काय दिसतंय?"

हे त्यांचं ठरलेलंच होतं. अर्धा रस्ता एकाला, अर्धा दुसऱ्याला. ज्याला जे दिसेल ते त्यानं दुसऱ्याला सांगायचं. पहिल्या दिवशी तिची भीती घालवायला त्यांनीच सुरू केलेलं.

"कालवा," सरलाताई म्हणाल्या. "पाण्यात दोन बदकं आहेत. एक बाई सायकलवरून चाललीय, पुढे टोपलीत कुत्रं. आणि तुमच्या?"

थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "झाडं." मग बऱ्याच वेळानं, "एक माणूस निळ्या झग्यात चाललाय. हॉस्पिटलातला दिसतो. कोण आजारी आहे?"

"कुणी नाही."

"बरं. आज काय आणलंस?"

देवाचं नाव घेत सरलाताईंनी दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली. वळायचं नाही. वळायचं नाही. मी समोर दिसले की हे सगळं जाईल.

"शिरा. केळं घालून," त्या कशाबशा म्हणाल्या. "नेहमीच्या जागी आहे."

कालवा सरकत होता. बदकं मागे पडली. मग पाठीमागे, डब्याच्या झाकणाचा आवाज झाला. न पाहता मागे हात नेऊन ते घ्यायचे, तसाच. मार्लूस चालता चालता एकदम थांबली आणि परत भराभर पुढे आली. तिच्या मास्कवरचे डोळे सरलाताईंना दिसले.

"साखर कमी झालीय," मागून आवाज आला. तोंडात घास असलेला.

"उद्या जास्त घालीन."

"आणि त्या माणसाला दे थोडा. बिचारा पायी चाललाय."

टोनला मराठी येत नव्हतं, पण त्यानं नेलची चाल आणखी संथ केली. परतीच्या वाटेवर झाडं सरलाताईंच्या बाजूला आली आणि कालवा दामोदररावांच्या. तो त्यांनी सगळा सांगितला. बदकांसकट.

ओट्यापाशी पट्टा सोडून मार्लूसनं त्यांना उभं केलं. ते वळले, समोर सरलाताई होत्या. दामोदररावांनी मान झुकवली.

"नमस्कार. आमची मंडळी येतायत मागून. जरा थांबता का?"

"थांबते," सरलाताई म्हणाल्या.

दार बंद झाल्यावर त्यांनी डबा उघडला. पाच वड्यांतल्या दोन गेल्या होत्या, तिसरी अर्धी. मार्लूस काचेतून अंगठा दाखवत होती. उद्या पाऊस सांगितलाय, हे सरलाताईंना आठवलं. छत्री धरली तर घोडी बिथरेल का, हेही. मग गाडीला टेकून त्यांनी मास्क खाली ओढला आणि ती अर्धी वडी तोंडात टाकली. मार्चपासून पहिल्यांदाच, भर दुपारी.

"कशी आहे?" टोननं विचारलं.

"साखर कमी आहे," त्या म्हणाल्या.