खाचेवरची चिकटपट्टी

मला कुणी सांगितलं होतं का? नाही. ताईने गाडी दिली होती ती मागचा दिवा लागत नाही म्हणून. दिवा लावायचा, किल्ली परत द्यायची, विषय संपला. पण माझे हात शिवशिवले ना!

ही गाडी म्हणजे ताईच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. स्कूल बंद झालं, टपावरची पाटी उतरली, तरी शेजारच्या सीटसमोर ताईच्या पायाचा जादा ब्रेक अजून तसाच आहे. मीसुद्धा याच गाडीत शिकलो. अर्ध्या गावाने हिचे गिअर खरडले असतील. मग घशाचं ऑपरेशन झालं. ताईचा जीव वाचला, आवाज गेला. आता ती एका छोट्या पाटीवर लिहून बोलते. लिहिलेलं वाचून दाखवणारी एक बाई फोनमध्ये असते, ती चिऊने तिला एकदा ऐकवली. ताईने पाटीवर लिहिलं, 'ही कोण भवानी?' आणि फोन बाजूला सारला.

चिऊ म्हणजे ताईची मुलगी. तिला नुकतंच शिकाऊ लायसन मिळालं होतं आणि दुसऱ्या दिवसापासून ताई तिला गाडी शिकवणार होती. आवाजाशिवाय कशी शिकवणार, हे मी विचारलंही नाही. चिऊची माझ्यामागे वेगळीच भुणभुण होती. "मामा, या गाडीत फोनवरची गाणी लागतील असं काहीतरी कर ना. मैत्रिणी हसतात मला." म्हटलं, चला, पोरीला खूश करू. मामा ऑटो इलेक्ट्रिशियन असून उपयोग काय?

नवा स्टिरिओ बसवायचा तर डॅशबोर्डला करवत लावावी लागली असती, आणि मग ताईने मला उभा कापला असता. वायर लटकणारी ती नकली कॅसेट बाजारात मिळते, ती आत सरकवली की झालं. पण तसलं लोंबतं प्रकरण मी लावायचं? माझ्या हाताने? छे! मी कंपनीचाच स्टिरिओ बाहेर काढला, उघडला, आणि कॅसेटचा आवाज जिथून आत जातो तिथे फोनची वायर सोल्डर केली. तिचं दुसरं टोक ॲशट्रेत लपवलं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. स्वतःवरच खूश झालो होतो मी.

फक्त एक गोम होती. आत कॅसेट फिरत असली तरच तो स्टिरिओ आवाज पुढे सोडतो. म्हणजे एक मुकी कॅसेट हवी, नुसती फिरत राहणारी. कोरी कॅसेट हल्ली सहज मिळत नाही, पण चार ठिकाणी विचारलं असतं तर मिळालीही असती. एवढा धीर कुणाला? समोरच्या खणात एक कॅसेट पडली होती. वर चिठ्ठी नाही, नाव नाही. दुकानातल्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये ती घातली आणि आतलं पुसायला रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. दबेना.

कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकची बारीकशी खुंटी असते. ती मोडली की तिथे खाच पडते आणि त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. या कॅसेटची खुंटी मोडलेली होती. म्हणजे आत जे होतं ते कुणाला तरी जपायचं होतं. हे मला कळत नव्हतं का? रोज हेच काम करतो मी. आणि मी काय केलं? त्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि बटण परत दाबलं. या वेळी दबलं. दोन्ही बाजू पुसून काढल्या. एकदा लावून ऐकावी, एवढीही अक्कल सुचली नाही.

संध्याकाळी गाडी घेऊन गेलो. चिऊने फोन जोडला, गाणं लागलं, आणि पोरगी सीटवर बसल्या बसल्या नाचायला लागली. ताईनेही हसून माझ्या पाठीवर थाप मारली. मग तिने समोरचा खण उघडला. आत हात घालून चाचपला. पाटीवर लिहिलं, 'यात कॅसेट होती.'

"कुठली गं?" मी म्हटलं.

चिऊ मैत्रिणीला गाणं ऐकवायला फोन घेऊन अंगणात गेली होती. ताईने लिहिलं, 'माझा आवाज.' मग ते पुसून पुढचं लिहिलं. घसा दुखायला लागला तेव्हा शिकणाऱ्यांवर ओरडायला नको म्हणून तिने पहिला धडा कॅसेटवर भरून ठेवला होता. 'उद्या लावणार होते. चिऊला मीच शिकवणार.'

खरं सांगायचं सोडून मी म्हणालो, "ती होय? तीच तर आत आहे. लावून बघितली मी, पण आवाज उडालाय गं. जुन्या टेपचं होतं असं." बटण दाबून कॅसेट काढली आणि तिच्या हातात दिली. इतकं सराईत खोटं मी गिऱ्हाइकालाही कधी बोललो नाही.

तिने कॅसेट उलटीपालटी केली. तिचं नख त्या चिकटपट्टीवर थांबलं. मग तिने कॅसेट परत आत सरकवली आणि घरात गेली. मीही पळालोच तिथून. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी ताईचा मेसेज आला, 'ये.' एवढंच. बाजारामागच्या मोकळ्या मैदानात गाडी उभी होती. चिऊ स्टिअरिंगवर, ताई शेजारी. मागच्या सीटकडे बोट दाखवून ताईने पाटी पुढे केली. 'तू बोल. तुला पाठ आहे.'

ताईचा पहिला धडा पाठ होता मला. शब्दन् शब्द पाठ होता.

"आधी आरसा," मी सुरुवात केली. "आरसा केस बघायला नाही, मागचं बघायला आहे. आता क्लच दाब. पूर्ण दाब. पायाखाली झुरळ आहे समज." चिऊ खुदकन हसली. "पहिला गिअर. आता क्लच हळूहळू सोड. अगं हळू! झुरळाला पळायला वेळ दे." ताई समोर बघत डॅशबोर्डवर बोटाने ठेका देत होती, पूर्वी पेनाने द्यायची तसाच. माझा आवाज घोगरा, पण बोलणं सगळं तिचं. गाडी दोन गचके खाऊन पुढे सरकली.

तेवढ्यात समोरचा एक टेम्पो रिव्हर्समध्ये आमच्याकडे येऊ लागला. चिऊचे हात गोठले. मी पुढचं वाक्य म्हटलं, जे ताई प्रत्येकाला म्हणायची, मलाही म्हणाली होती. "घाबरू नकोस. माझाही पाय ब्रेकवर आहे."

पाय ताईचा होता. गाडी थांबली.

"हो आई," चिऊ म्हणाली. नजर समोर, टेम्पोवर. आपण काय बोललो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

ताईचं बोट डॅशबोर्डवर थांबलं. टेम्पो वळून गेला आणि चिऊने पहिल्या गिअरमध्ये गाडी पुन्हा पुढे काढली. मला राहवेना. "ताई, टेप जुनी झाली नव्हती," मी म्हणालो. "मी पुसली. खाचेवर पट्टी लावून पुसली. माझ्या हाताने."

"काय पुसलं, मामा?" चिऊने आरशातून विचारलं.

ताई वळली नाही. तिने लिहिलं आणि पाटी खांद्यावरून मागे धरली. 'कालच कळलं. खुंटी मी मोडली होती.' मग हाताने ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं. 'तिला तूच सांग. आधी दुसरा गिअर.'

स्टिरिओचा हिरवा दिवा चालू होता. आत ती कॅसेट फिरत होती. मी घसा साफ केला आणि चिऊला दुसरा गिअर सांगितला.