उंबऱ्यावरचं पाणी

मीनाक्षीनं तिन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि तेच एक वाक्य तिन्हींत पुन्हा पुन्हा वाचलं.

कुरुंदवाडचे अण्णासो, कोडोलीला दिलेल्या अंबूबाई आणि शाहूपुरीतले गणपतराव. तिघं तीन गावचे, एकमेकांचं तोंड न पाहिलेले. तिघांचं म्हणणं एकच, की साठ वर्षांपूर्वीच्या पुरात आपण कुरुंदवाडच्या देवळात होतो. आत नृसिंहबुवांचं कीर्तन चाललेलं, बाहेर कृष्णा चढलेली. बुवांनी देवळाचं दार सताड उघडलं आणि गावकुसाबाहेरच्या माणसांनाही आत घेऊन सगळ्यांना एका जाजमावर बसवलं. इथवर ठीकच होतं. पण पुढं तिघांनीही सांगितलं होतं की पाणी पायऱ्या चढून आलं आणि नव्या सुनेगत उंबऱ्यावर थांबलं.

अंबूबाईंना सून सुचावी, हे समजू शकतं. गणपतरावांनाही सूनच? अण्णासोंनाही?

कृष्णाकाठच्या कीर्तनपरंपरेवर तिचा प्रबंध होता. कॉलेजातली शिकवणी सांभाळून चार वर्षं ती त्यात गुंतली होती. चौथं प्रकरण सगळं या एका दिवसावर उभं होतं. मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, की तो दिवस डोळ्यांनी पाहिलेली तीन माणसं आणा, नाहीतर प्रकरण गाळा. माणसं मिळाली. महिनाअखेर प्रबंध विद्यापीठात द्यायचा होता आणि पहिली तीन प्रकरणं टंकलेखकाकडून येऊनही पडली होती.

आणि ही तिन्ही माणसं मिळवून दिली होती एकाच माणसानं, यज्ञेश्वरपंतांनी. नृसिंहबुवांचे शिष्य, निवृत्त शिक्षक, आता स्वतः कीर्तनाला उभे राहणारे. गुरूंचं नाव पुस्तकात यावं म्हणून या वयात एसटीचे धक्के खात ते तिच्याबरोबर हिंडले होते. आजवर तिला त्याचं कौतुक वाटत होतं. आता एकेक गोष्ट उलटी दिसायला लागली. कोडोलीला बस थांबली तेव्हा, तुम्ही सावकाश या, मी पुढं होऊन सांगतो, असं म्हणून ते आधी उतरले होते. काय सांगायला? अण्णासो बोलत होते तेव्हा पंत डोळे मिटून मान डोलवत होते. पाठ केलेला धडा मास्तर ऐकतात, अगदी तसे.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि पंतांना न कळवता एकटीच कुरुंदवाड गाठलं.

अण्णासो सोप्यात भुईमुगाच्या शेंगा निवडत बसले होते. पावणं आज एकट्याच आल्या म्हणून त्यांनी आधी चहा सांगितला. तिनं वही उघडून साधंच विचारलं, तुम्ही देवळात कुठं बसला होता? खांबाजवळ, ते म्हणाले. कुणाशेजारी? ते थबकले. बरोबर घरचं कोण होतं? आता त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. शेंगा पाखडत बसलेली त्यांची थोरली बहीण, जिला सगळं घर अक्का म्हणत होतं, तिनं सूप खाली ठेवलं.

"कुठलं देऊळ आन् कुठला खांब! तीन वर्सांचा हुतास तू. पूर आला तवा मी तुला कडंवर घिऊन मिरजंला आजोळी हुते."

"अक्का, मी बगितलंय की. पानी उंबऱ्यावर थांबलेलं अजून दिसतंय मला."

"दिसत आसंल. पर हुतास मिरजंत."

मीनाक्षीनं वही मिटली. अण्णासो खोटारडे वाटत नव्हते, बिचारे भांबावून गेले होते. म्हणजे त्यांना कुणीतरी पढवलं होतं, आणि ते कोण हे सांगायला ज्योतिषी नको होता.

परतीच्या एसटीतून उतरली ती तडक पंतांकडे गेली. दुपारचे चार वाजले होते. पंत कीर्तनाला निघायच्या तयारीत उपरण्याची घडी घालत होते. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि विचारलं.

"पंत, तुम्ही या माणसांना पढवलंत का?"

पंतांच्या हातातली घडी विस्कटली. त्यांनी ती पुन्हा घातली. मग म्हणाले, "कीर्तनाला चला. नंतर काय बोलायचं ते बोला."

पंतांना दोन वर्षं ओळखत असूनही तिनं त्यांचं कीर्तन एकदाही नीट ऐकलं नव्हतं. वेळच नसायचा. त्या दिवशी ती शाहूपुरीतल्या देवळात मागं भिंतीला टेकून बसली. मांडीवर वही, हातात पेन्सिल. पूर्वरंग झाला, पेटी थांबली आणि उत्तररंगात पंतांनी पूर आणला. आधी लांबून आवाज. मग गोठ्यातली जनावरं सैरभैर. मग पायरी, दुसरी पायरी. पंतांचा आवाज खाली खाली गेला. नव्या सुनेगत पाणी उंबऱ्यावर थांबलं, असं ते म्हणाले, तेव्हा पुढच्या बायकांनी लुगड्याचे काठ वर धरले. एका म्हातारीनं जमिनीवरची पिशवी उचलून छातीशी घेतली.

मीनाक्षी ते लिहून घ्यायला वाकली. तेव्हा तिला दिसलं, की आपणही पाय पोटाशी ओढून घेतलेत.

बुक्का लावून मंडळी पांगली. ती पंतांच्या समोर जाऊन बसली.

"हे कुठंकुठं सांगितलंत?"

"चाळीस वर्षं सांगतोय. कुरुंदवाड, कोडोली, इथं. त्याआधी गुरुजी सांगायचे."

"म्हणजे तिघांनी ऐकलंय. पाहिलं कुणीच नाही."

"अण्णासोला विचारा. तो पाहिलं म्हणेल. शपथेवर म्हणेल."

"मघाशी मी तुम्हाला नको ते बोलले, पंत. मला माफ करा."

त्यांनी हातानंच ते उडवून लावलं. पण ते उठले नाहीत. झांजेची दोरी बोटाला गुंडाळत बसून राहिले.

"गुरुजी स्वतः तिथं होते ना?" तिनं हळूच विचारलं.

"होतेच की. म्हणजे, कीर्तन त्यांचंच होतं..." पंत अडखळले. "त्यांनीच तसं सांगितलं. कीर्तनात सांगितलं. एरवी त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. वीस वर्षं पायांशी बसलो बाई मी, कधी विचारलंच नाही. कुणी विचारतं का?"

विचारायचं हे तिचं काम, आणि त्या कामापायी तिनं एका भल्या माणसाच्या मनात नको ते पेरलं होतं.

"सरांना काय सांगणार?" पंतांनी विचारलं.

"तीन साक्षीदार नाहीत म्हणून सांगेन. एकच आहे, तुम्ही, आणि तुम्हीही ते ऐकलेलंच आहे."

"मग प्रकरण जाईल."

"महिनाअखेर प्रबंध दिला तर नक्कीच जाईल. सहा महिने मुदत मागेन. तो दिवस घडला का, हे मला सिद्ध करता येणार नाही. तो न पाहिलेली माणसं पाहिल्यासारखा कशी सांगतात, ते आज माझ्यासमोर घडलं. ते लिहीन. सरांना पटेल की नाही, ठाऊक नाही."

"गुरुजींचं नाव?"

"राहील. पण घडलं म्हणून नाही. सांगितलं म्हणून."

पंतांनी मान हलवली. पटलं म्हणून हलवली की नाही, ते तिला कळलं नाही. मग त्यांनी तिच्या मांडीवरच्या वहीकडे बोट केलं.

"लिहा तर मग. यज्ञेश्वरानं गुरूंना कधी विचारलं नाही, हेही लिहा. माझ्यादेखत लिहा. उद्या मीच म्हणायला लागेन, की विचारलं होतं."

तिनं तारीख घातली आणि लिहायला घेतलं. वाक्य पुरं होईपर्यंत पंत तिच्या पेन्सिलीवरची नजर हलवेनात.